पोटरीतला गोळा आणि बंद पडलेली गोळी

रात्री अडीच-तीनचा सुमार. घरातले सगळे झोपलेले. अचानक पोटरीत गोळा येतो, पाय दगडासारखा घट्ट होतो, बोटं आपोआप वळतात आणि तोंडातून किंकाळी निघते. पोरगी उठून पाय दाबते, सासू तेल गरम करायला धावते. पाच मिनिटांनी गोळा सुटतो, पण झोप गेलेली असते. आणि सकाळी सात वाजता शिर्डीच्या लॉजवर खोल्या साफ करायला हजर व्हायचं असतं.

आमच्या राहात्यातल्या वस्तीतल्या एका भगिनीची मागच्या उन्हाळ्यात रोजची रात्र अशी होती. तिच्या परवानगीने, नाव न सांगता, हे लिहीत आहोत. तिचं वजन ११८ किलो होतं. मधुमेह जडलेला, गुडघे गेलेले. भावांनी हातभार लावला, बचत गटाचं कर्ज काढलं आणि मोठ्या शहरात जाऊन पोट लहान करण्याचं ऑपरेशन झालं. वर्षभरात ४० किलो वजन उतरलं, साखर ताब्यात आली, जिना चढता येऊ लागला. ऑपरेशन फसलं नव्हतं, हे आधी स्पष्ट करतो.

पण पायात गोळे सुरू झाले आणि वस्तीत चर्चा सुरू झाली. कुणी म्हणालं ऑपरेशन बाधलं. कुणी पायाला काळा दोरा बांधला. कुणी म्हणालं, ‘खाऊन खाऊन अंग वाढवलं, आता भोगा.’ एका खाजगी दवाखान्यात सलाईनची बाटली लागली, कमरेत इंजेक्शन बसलं. दोन रात्री बऱ्या गेल्या, तिसऱ्या रात्री पुन्हा गोळा. या सगळ्यात तिला दोन साधे प्रश्न कुणीच विचारले नाहीत. दिवसभरात पाणी किती पितेस? आणि ऑपरेशननंतरच्या गोळ्या चालू आहेत का?

आम्ही विचारले. ती म्हणाली, ‘सिस्टर, पाणी पिऊन जायचं कुठं? खोल्यांतले संडास गिऱ्हाइकांचे, आम्हाला बंदी. म्हणून पाणीच पीत नाही. चहा तेवढा चार वेळा होतो.’ आणि गोळ्यांचं? ‘सातव्या महिन्यात बंद केल्या. पोरीची फी भरायची होती. वजन तर उतरलं, मग गोळ्या कशाला, असं वाटलं.’

आमचं मत या दोन उत्तरांवरच उभं आहे. पोटाचं ऑपरेशन एका दिवसात होतं, पण ते सांभाळायचं असतं जन्मभर. ऑपरेशनला पैसे जमवणारं घर आणि ऑपरेशन करणारी यंत्रणा, दोघंही दुसऱ्या भागाचा हिशेब करत नाहीत. तो हिशेब मग रात्री तीन वाजता पोटरी मांडते.

गोळा का येतो?

एका प्रकारच्या ऑपरेशनमध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात, केळ्याच्या आकाराची नळी उरते. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे बायपासमध्ये, जठराची छोटीशी पिशवी करतात आणि लहान आतड्याचा पहिला भाग वगळून अन्नाला पुढची वाट देतात. लोह आणि कॅल्शियम मुख्यतः त्याच वगळलेल्या भागात शोषलं जातं. बी-१२ अंगी लागायला जठरातला एक स्राव लागतो, तोही कमी पडतो. म्हणजे आहार कमी आणि खाल्लेलं अंगी लागणंही कमी. म्हणूनच या गोळ्या सहा महिन्यांच्या नसतात, आयुष्यभराच्या असतात.

स्नायू आवळायला आणि सैल व्हायला पाणी, सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम लागतं. यांचा तोल बिघडला की स्नायू आवळतो आणि लवकर सुटत नाही. ऑपरेशननंतर तांब्याभर पाणी एका दमात पिता येत नाही, त्यामुळे शरीर कोरडं पडतं. त्यात उलट्या, जुलाब किंवा उन्हातला घाम असेल तर क्षारही जातात. प्रथिनं कमी पडली तर चरबीबरोबर स्नायूही झडतो आणि लवकर थकतो. डी जीवनसत्त्व कमी असेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही.

आणखी एक कारण नेहमी नजरेआड होतं. वजन ११८ असताना सुरू केलेली रक्तदाबाची गोळी वजन ७८ झाल्यावरही तशीच चालू असते. काही रक्तदाबाच्या गोळ्या लघवीवाटे पाणी आणि क्षार बाहेर काढतात. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांनीही स्नायू दुखतात. त्या आपल्या मनाने बंद करू नका, पण सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा आणि विचारा, ‘माझं वजन एवढं उतरलंय, डोस तोच ठेवायचा का?’

गोळा आला की त्या क्षणी

गुडघा सरळ करा आणि पायाची बोटं हाताने आपल्या नडगीकडे ओढा. हात पोचत नसेल तर पंजाला ओढणी अडकवून ओढा. उभं राहता येत असेल तर भिंतीला धरून टाच जमिनीवर दाबा. गोळा सुटला की हलक्या हाताने चोळा, गरम पाण्याच्या पिशवीने शेका. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर शेकण्याआधी पाण्याची उष्णता दुसऱ्याकडून तपासून घ्या, नाहीतर भाजलेलं कळत नाही. रोज झोपण्यापूर्वी भिंतीसमोर उभं राहून, एक पाय मागे, टाच जमिनीला टेकवून, पोटरी अर्धा मिनिट ताणा. प्रत्येक पायाला तीन वेळा.

अंगदुखीची गोळी दुकानातून आणून घेऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्यांनी पोटात व्रण होतो. बायपास झालेल्यांना तर त्याचा धोका फारच जास्त.

इथे घरगुती उपाय थांबवा

एकाच पायाची पोटरी सुजली, गरम झाली, लाल झाली आणि सतत दुखते आहे, तर तो साधा गोळा नसावा. शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत हा धोका जास्त. अशी पोटरी अजिबात चोळू नका. दम लागला किंवा छातीत दुखलं तर १०८ ला फोन करा.

दुसरी गोष्ट आम्ही नर्स म्हणून हात जोडून सांगतो. ऑपरेशन झालेल्या माणसाला दिवसामागून दिवस उलट्या होत असतील, पायाला मुंग्या येत असतील, चालताना तोल जात असेल, एकाचे दोन दिसत असतील किंवा बोलण्यात गोंधळ होत असेल, तर बी-१ जीवनसत्त्व संपत आलेलं असू शकतं. त्याचा साठा शरीरात दोन-तीन आठवडेच पुरतो. अशा वेळी आपल्याकडे पहिली मागणी होते, ‘डॉक्टर, एक बाटली लावा.’ ती बाटली ग्लुकोजची असेल आणि बी-१ दिलेलं नसेल, तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून दवाखान्यात शिरतानाच सांगा, ‘पोटाचं ऑपरेशन झालंय, उलट्या चालू आहेत, आधी बी-१ चं बघा.’ हे वाक्य घरातल्या प्रत्येकाला पाठ हवं. दारू पिणाऱ्या बांधवांनी हे दोनदा वाचावं. ऑपरेशननंतर दारू लवकर चढते आणि बी-१ ची कमतरता वाढवते.

पाणी, गोळ्या, ताट

दिवसाला किमान दीड लिटर पाणी हवं. अर्ध्या लिटरच्या बाटलीचा हिशेब ठेवा: दुपारपर्यंत एक, संध्याकाळपर्यंत दुसरी, झोपेपर्यंत तिसरी. घोट घोट प्या. जेवताना पिऊ नका, जेवणानंतर अर्ध्या तासाने प्या. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी एकत्र घेऊ नका, मध्ये किमान दोन तास जाऊ द्या. दिवसभराचं कॅल्शियम दोन-तीन वेळा विभागून घ्या. लोहाच्या गोळीवर चहा पिऊ नका. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम मात्र रक्त तपासल्याशिवाय आपल्या मनाने घेऊ नका.

ताटात आधी प्रथिनं: अंडी, मूग, मटकी, हरभऱ्याची डाळ, दही, मासळी. सुकट आणि बोंबील आपल्या घरात नवे नाहीत, स्वस्तही आहेत. फक्त खारवलेले असतील तर धुऊन घ्या, रक्तदाब असलेल्यांनी बेताने खा. तीळ, बाजरी, शेवग्याचा पाला यांतून कॅल्शियम-मॅग्नेशियम मिळतं. राहात्याचा पेरू आपल्या दारात पिकतो, त्यातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. ऑपरेशननंतर पेरू केव्हापासून खायचा ते विचारून घ्या आणि नीट चावून खा. पण ताट कितीही चांगलं असलं तरी ते गोळीची जागा घेत नाही. पौर्णिमेला अष्टशील पाळणाऱ्या भगिनींनी त्या दिवशीही पाणी आणि औषध चुकवू नये.

दुखणं लपवण्याचं कारण नाही

‘पाय दुखतो हे काय सांगायचं’ असं म्हणून आपल्या बाया वर्षानुवर्षं गप्प राहतात. संविधानाच्या मसुद्याचं काम चालू होतं त्या काळात बाबासाहेब मधुमेहाने आणि पायांच्या वेदनांनी बेजार होते, रात्र रात्र झोप नव्हती. त्यांचं दुखणं वेगळं होतं, पण त्यांनी ते डॉक्टरांना दाखवलं, इन्सुलिन घेतलं, पथ्य पाळलं. दुखण्यामागे कारण असतं आणि ते शोधायचं असतं. कुणाच्या लठ्ठपणावर टोमणा मारणं हे कारण शोधणं नव्हे.

२०१७ साली इजिप्तची इमान अहमद मुंबईच्या सैफी रुग्णालयात आली, ७ मार्चला डॉ. मुफझल लकडावाला यांनी तिचं ऑपरेशन केलं. रोज तिचं वजन किती उतरलं याच्या बातम्या आपण टीव्हीवर पाहिल्या. तिचा आजार फार गुंतागुंतीचा होता आणि त्याच वर्षी सप्टेंबरात अबुधाबीत ती वारली. किलोचे आकडे सगळ्यांच्या लक्षात राहतात, पुढची देखभाल मात्र बातमी होत नाही. आपल्या वस्तीतही तसंच चाललं आहे.

आमच्या मागण्या

पहिली, ऑपरेशन करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने सही घेण्याआधी जन्मभराच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च मराठीत लिहून द्यावा. कर्ज काढणाऱ्या घराला पुढचा खर्चही आधीच कळायला हवा.

दुसरी, राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार आणि तपासण्या मोफत आहेत. मग बी-१२, डी, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोहाची तपासणी अशा रुग्णांसाठी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातूनच व्हावी. नमुना पुढे पाठवावा लागला तर रुग्णालयाने पाठवावा, मजुरी बुडवून बाईला शहरात पाठवू नये. गरोदर मातांना लोह-कॅल्शियम मोफत मिळतं. त्याच खिडकीवरून या रुग्णांनाही मिळावं. तोपर्यंत जनऔषधी दुकानात स्वस्त पर्याय विचारा, पण गोळी बंद करू नका.

तिसरी मागणी मालकांकडे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात कामगारांसाठी पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह यांची तरतूद आहे. २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेऊन बाबासाहेबांनी पाण्यावरचा आपला हक्क सांगितला. आज आपली भगिनी नळ समोर असून पाणी पीत नाही, कारण नंतर जायला जागा नाही. हाही पाण्याचाच प्रश्न आहे, आणि तो एकटीने मालकापुढे मांडता येत नाही. तिथे महिला मंडळाने सोबत गेलं पाहिजे.

त्या भगिनीचं पुढे काय झालं? तपासणीत डी आणि बी-१२ बरंच कमी निघालं. गोळ्या आणि इंजेक्शनं सुरू झाली, रक्तदाबाचा डोस डॉक्टरांनी बदलला. महिला मंडळाच्या पाच जणी लॉजवर गेल्या आणि मागच्या बाजूचा बंद संडास कामगारांसाठी उघडला. दोन-अडीच महिन्यांत गोळे पुष्कळ कमी झाले. तळपायाची थोडी बधिरता अजून आहे, तिला वेळ लागेल. आता कामाला निघताना तिच्या पिशवीत डब्याशेजारी पाण्याची बाटली असते.

येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर पंधरा मिनिटं काढा. वस्तीत असं ऑपरेशन कुणाचं झालंय, त्यांच्या गोळ्या चालू आहेत का, शेवटची रक्ततपासणी केव्हा झाली, एवढं विचारा आणि वहीत लिहून ठेवा. विचारताना आवाजात टोमणा नको, मायेने विचारा.

जय भीम!