लहान मोटार कोणीं पारखावी?

आमच्या विद्यार्थिदशेंत मोटार ही डॉक्टरांच्या किंवा वकिलांच्या दारांत उभी राहणारी वस्तु होती. सन १९८३ च्या डिसेंबरांत मारुति ८०० रस्त्यावर आली आणि मध्यम स्थितींतील कुटुंबासही आपली मोटार असावी असें वाटूं लागलें. ती गाडी २०१४ मध्यें निघावयाची बंद झाली. परंतु तिनें लावलेली आवड कायम आहे. त्यांतच २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरांच्या आंतील व १२०० सी.सी. पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरील कर २८ टक्के व वर अधिभार यांऐवजीं १८ टक्के झाला. मग ज्या घरांत हा विषय कधीं निघाला नव्हता तेथेंही तो निघाला. आमच्या घरांतही निघाला, आणि त्यांत आम्हांस जें शिकावयास मिळालें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमच्या वडील वहिनींस चौऱ्याहत्तरावें वर्ष आहे. गुडघ्यांच्या दुखण्यामुळें रिक्षांत चढतां येईना, दोघांनीं धरून बसवावें लागे. चार महिने त्या कीर्तनास गेल्या नाहींत. कारण विचारतां म्हणाल्या, "भाऊजी, मला गाठोड्यासारखी उचलून ठेवतात, तें चार लोकांत बरें दिसत नाहीं." गाडीचा विचार खरा येथून सुरू झाला. परंतु पुतणे व चिरंजीव बोलूं लागले ते इंजिनाची शक्ति, पडद्यावरील नकाशा आणि रंग यांविषयीं!

संस्कृतांत 'वह्' म्हणजे वाहून नेणें. ज्यानें वाहून नेलें जातें तें वाहन. अर्थात् वाहनाची पारख सारथ्यानें एकट्यानें करूं नये. ज्यास तें वाहून नेणार, त्यानें करावी. म्हणून आम्हीं असा आग्रह धरिला कीं, गाडी पाहण्यास वहिनींनींही यावें.

पाहिल्या त्या मुख्यतः दोन. ऑल्टो के-१० ची लांबी ३५३० मिलिमीटर, रुंदी १४९० व उंची १५२०. वॅगन-आर लांबीला ३६५५, रुंदीला १६२० व उंचीला १६७५. पेठेंतील गल्लींत ऑल्टोच सोयीची, यांत शंका नाहीं. समोरून टेम्पो आला असतां ते पांच इंच फार मोलाचे ठरतात. परंतु वहिनी तींत बसल्या त्या जवळ जवळ पडल्याच, आणि उठतांना दोघांचे हात लागले. उंच गाडीचें आसन त्यांच्या कमरेच्या बेताचें होतें. त्यांनीं आधीं पाठमोरें होऊन बैठक घेतली, मग दोन्ही पाय एकदम आंत घेतले. कोणाचा हात लागला नाहीं. विक्रेता मात्र तितका वेळ पडद्यावरील चित्रेंच दाखवीत होता. त्यानें मोकळ्या, सरळ रस्त्यावर फेरी मारून आणिली. आम्हीं विनंति केली कीं, गाडी आमच्या गल्लींत आणावी व सायंकाळीं लक्ष्मी रस्त्यावरून न्यावी. पायानें क्लच न दाबतां आपोआप गिअर बदलणारी गाडी तेथें किती सुख देते, आणि गिअर बदलतांना तिचा लहानसा हिसका किती जाणवतो, हीं दोन्हीं तेथेंच कळलीं.

खर्चाचें गणित सोपें आहे. सरकारी चाचणींत लिटरला चोवीस किलोमीटरांच्या आसपास आंकडा मिळतो. थांबत थांबत चालणाऱ्या शहरांत पंधरा धरावे. महिन्यास तीनशें किलोमीटर फिरणें झालें तर वीस लिटर पेट्रोल, म्हणजे दोन हजारांच्या आसपास रुपये. सी.एन्.जी.ची गाडी घेतल्यास त्यांतील निम्मे वांचले असें धरलें, तरी किंमतींतील पाऊण लाखाहून अधिक फरक भरून येण्यास सहा वर्षांवर काळ लागेल. शिवाय सामानाची जागा टाकी खाणार. ज्यांचें फिरणें रोजचें व दूरचें आहे त्यांचें गणित निराळें.

आतां कठीण प्रश्न. ग्लोबल एन्‌कॅप या संस्थेनें एप्रिल २०२३ मध्यें या दोन गाड्यांच्या चाचण्यांचे निकाल प्रसिद्ध केले. ताशी ६४ किलोमीटर वेगानें गाडी समोरून आदळून पाहतात. मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेंत पांचांपैकीं ऑल्टोस दोन तारका, वॅगन-आरला एक. लहान मुलांच्या बाबतींत दोघींसही शून्य. शाळामास्तराच्या भाषेंत दोघी नापास! सन २०२५ पासून दोहींत सहा एअरबॅगा मिळूं लागल्या हें खरें. पण पिशव्या वाढल्यानें सांगाडा बळकट होतो असें नाहीं. पुतण्या म्हणाला, "काका, मग टियागो घेऊं. तिला २०२० मध्यें चार तारका होत्या." परंतु ती परीक्षा २०२२ पूर्वीच्या सौम्य नियमांची, निराळ्या प्रश्नपत्रिकांचे गुण शेजारीं मांडून तुलना होत नाहीं. तरीही तिची बाजू जड होती, हें कबूल केलें पाहिजे. अडचण एवढीच कीं, तिची उंचीही १५३५ मिलिमीटर, आणि वहिनींस तींत ऑल्टोइतकेच कष्ट पडले.

दोन रात्रीं वाद झाला. एका बाजूस कधींतरी होणारा अपघात, दुसऱ्या बाजूस रोजचें परावलंबन. शेवटीं वहिनीच म्हणाल्या, "मला देवळापर्यंत जावयाचें आहे. घाटांतून धांवावयाचें असेल त्यांनीं आगगाडीनें जावें." यांत निकाल होता. गाडीस जें काम सांगावयाचें नाहीं, त्याच्या जोरावर ती निवडूं नये. आणि जें काम तिला झेपणार नाहीं, तें तिच्याकडून घेऊं नये.

आम्हीं उंच गाडी घेतली व किल्लीच्या खुंटीशेजारीं तीन नियम लिहून लाविले. मागें बसणाऱ्यांनींही पट्टा लावावा. नातवास मांडीवर न घेतां त्याच्या स्वतंत्र आसनांत बसवावें. द्रुतगती मार्गावर ही गाडी नेऊं नये. मुंबईस डेक्कन क्वीन आहे. पहिल्या नियमास घरांत हंसणारे होते. त्यांस आम्हीं सायरस मिस्त्री यांची आठवण दिली. सप्टेंबर २०२२ मध्यें पालघरजवळ त्यांचा अपघाती अंत झाला, तेव्हां ते मागील आसनावर होते व पट्टा लावलेला नव्हता, असें पोलिसांनीं सांगितलें होतें. गाडी तर पुष्कळच महागाची होती.

ज्या कुटुंबाचें जाणें वारंवार लांबच्या वाटेनें होतें, त्यानें आमचें अनुकरण करूं नये. त्यानें सांगाड्याचे गुण आधीं पाहावे. परंतु शहरापुरती गाडी घ्यावयाची असेल, तर घरांतील सर्वांत अशक्त माणसास बरोबर न्यावें आणि दार उघडून त्याच्या हातीं द्यावें. गेल्या गुरुवारीं वहिनी कीर्तनास निघाल्या. आम्ही हात देण्यास पुढें झालों, तों त्या म्हणाल्या, "राहूं द्या भाऊजी. तुमचा पट्टा लावा आधीं."