दाराबाहेरची नमाज

आमच्या संस्थेत उर्दू आणि मराठी माध्यमाचे वर्ग एकाच आवारात भरतात. मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवतो, उर्दूचेही तास घेतो. मराठी माध्यमाकडे वसईच्या एक ख्रिस्ती बाई आहेत. १९ वर्षं आम्ही एकाच स्टाफरूममध्ये डबा खातो. २०२३ च्या मार्चमध्ये त्या आपल्या चर्चच्या गटाबरोबर जेरुसलेमला जाऊन आल्या. आल्यावर सगळ्यांना खजूर वाटले आणि तिथल्या एका शुक्रवारची हकिकत सांगितली.

त्या दिवशी सकाळी त्यांचा गट जैतूनच्या डोंगरावर होता. समोर कुब्बतुस्सखराचा सोनेरी घुमट दिसत होता. शुक्रवारी मुस्लिमेतरांना मस्जिदे-अक्साच्या आवारात सोडत नाहीत, म्हणून तो दुरूनच पाहिला. दुपारी जुन्या शहरात शिरले, तर जुम्याहून परतणारे लोक अजून गल्ल्यांत होते. त्याच गल्ल्यांतून दर शुक्रवारी फ्रान्सिस्कन साधू यात्रेकरूंना घेऊन क्रुसाची वाट चालतात. येशूंना क्रूस खांद्यावर देऊन ज्या वाटेने नेलं, असं ख्रिस्ती लोक मानतात, ती ही वाट. तिच्यावर १४ स्थानं आहेत. पहिलं स्थान आहे एका मुस्लिम शाळेच्या अंगणात. शाळेचं नाव उमरिया. "सर, आमची प्रार्थना तुमच्या शाळेतून सुरू होते," बाई हसून म्हणाल्या.

शेवटची पाच स्थानं पवित्र कबरीच्या चर्चमध्ये आहेत. तिथे ग्रीक, कॅथलिक, आर्मेनियन, कॉप्टिक, सीरियन आणि इथिओपियन असे सहा पंथ आपापले हक्क सांभाळून राहतात. कुणाचा दिवा कुठे, कुणाचा झाडू कोणत्या पायरीपर्यंत, हे उस्मानी सुलतानांच्या १७५७ आणि १८५२ च्या फर्मानांनी ठरलेलं आहे. दर्शनी भिंतीवरच्या खिडकीखाली एक लाकडी शिडी अठराव्या शतकापासून टेकलेली आहे. सगळ्यांची संमती नाही, म्हणून ती कुणी हलवत नाही. आणि या चर्चच्या दाराची किल्ली असते जूदा नावाच्या मुस्लिम घराण्याकडे. पहाटे ती लावून दार उघडतात नुसैबा घराण्यातले लोक. तेही मुस्लिम. सलाहुद्दीन अय्यूबींनी ११८७ मध्ये शहर घेतलं, तेव्हापासूनची ही प्रथा, असं सांगतात.

हे ऐकून आमच्या उर्दूकडच्या मंडळींची छाती फुगली. माझीही. एक सहकारी म्हणाले, "बघा, हा इस्लाम!" मग मीही हजरत उमर यांचा किस्सा सांगितला. इ.स. ६३८ च्या सुमारास शहर खलिफांच्या स्वाधीन झालं. ते याच चर्चमध्ये असताना नमाजची वेळ झाली. बिशप सोफ्रोनियस यांनी आतच नमाज पढा म्हणून विनंती केली. उमर यांनी नकार दिला आणि बाहेर येऊन पायऱ्यांवर एकट्याने नमाज अदा केली. हा किस्सा लिहून ठेवणारा इतिहासकारही ख्रिस्ती होता, दहाव्या शतकातले अलेक्झांड्रियाचे धर्मगुरू युटिकियस.

हा किस्सा आपण जलशांत, खुतब्यांत, भांडणातसुद्धा वापरतो. आपण किती सहिष्णू, याचा दाखला म्हणून. पण उमर यांनी नकाराचं जे कारण दिलं, त्यावर आपण थांबत नाही. त्यांना भीती कुणाची होती? ख्रिस्ती लोकांची नव्हे. ती होती आपलीच. मी इथे नमाज पढलो, तर पुढे मुसलमान म्हणतील की आमचे उमर इथे पढले, ही जागा आमची, आणि चर्च काढून घेतील, असं ते म्हणाले. विजयाच्या दिवशी स्वतःच्या माणसांवर संशय घेण्याचं धाडस त्यांनी दाखवलं. चर्चसमोर आज उमर मशीद उभी आहे. ती ११९३ मध्ये बांधलेली आहे, आणि चर्चच्या आत नाही, बाहेर आहे. किस्सा सांगताना हा संशय आपण गाळला, तर उरते ती निव्वळ शेखी.

किल्लीचंही तसंच आहे. किल्ली असणं म्हणजे मालकी नव्हे, अमानत. मक्का जिंकल्यावर काबागृहाची किल्ली पैगंबरांनी (स.) उस्मान बिन तल्हा यांनाच परत दिली होती, आणि आजही ती त्याच घराण्यात आहे. अमानत ज्याची त्याला पोचवण्याचा कुरआनचा हुकूम तफसीरकार याच प्रसंगाशी जोडतात.

बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्या वसईहून विमानाने आल्या आणि कबरीपाशी गुडघे टेकून आल्या. पण जेमतेम दहा किलोमीटरवरच्या बेथलेहेममधल्या पॅलेस्टिनी ख्रिस्ती माणसाला जेरुसलेमला यायला इस्रायलचा परवाना लागतो. त्या दाराची किल्ली जूदा घराण्याकडे नाही. पॅलेस्टाइनचं दुःख फक्त मुसलमानांचं समजणाऱ्यांनी आणि तिथे जाऊनही ते न दिसणाऱ्यांनी, दोघांनीही हे लक्षात ठेवायला हवं.

एवढं सांगून झाल्यावर बाई सहज म्हणाल्या, "सर, अक्सा तर लांबूनच बघितली. शाळेमागची तुमची मशीद आतून दाखवाल का? १९ वर्षं अजान ऐकते, आतलं काही माहीत नाही."

मी "हो, बघू या" म्हटलं आणि विषय बदलला. चर्चच्या किल्लीवर इतका वेळ बोललेला मी, आपल्या दारापाशी गप्प झालो.

पुढे मी जमातीच्या मंडळींकडे विषय काढला. नजरानच्या ख्रिस्ती शिष्टमंडळाला पैगंबरांनी (स.) मस्जिदे-नबवीत उतरवून घेतलं आणि तिथेच त्यांना त्यांची इबादत करू दिली, हे सीरतच्या ग्रंथांत आहे, तेही सांगितलं. महाराष्ट्रात काही शहरांत मस्जिद परिचयाचे कार्यक्रम होतात, तेही सांगितलं. विरोध कुणी केला नाही. "आज एक बाई, उद्या कोण?" एवढंच एक जण म्हणाले. दुसरे म्हणाले, "दिवस बरे नाहीत, गुरुजी." दिवस बरे नाहीत हे खरंच आहे. आपल्या मशिदींकडे संशयाने पाहिलं जातं, तेव्हा दार लावून घ्यावंसं वाटतं, हे मला समजतं. पण बंद दाराआड काय चालतं याची कल्पना बाहेरचा माणूस आपल्या मनाने करतो, आणि ती कल्पना आपल्या बाजूची नसते. उमर यांना भीती होती आपण दुसऱ्याच्या घरात घुसू याची. आज आपल्याला भीती वाटते कुणी आपल्या घरात येईल याची. पहिल्या भीतीने एक चर्च वाचलं. दुसरीने काय वाचतं, ते मला दिसत नाही.

मंडळींचं "विचार करू" अजून चालू आहे. बाईंनी पुन्हा विचारलं नाही, आणि उशीर का होतोय हे मी त्यांना सांगितलेलं नाही. त्या माझं लिखाण नेहमी वाचतात. हेही वाचतील. मंडळींपैकीही काही जण वाचतात. दोघांनाही एकदमच कळू दे.