फेब्रुवारीची बाग आणि ऑक्टोबरची बाग

दिल्लीत बागा पाहायला जाण्याचा हंगाम ठरलेला आहे: फेब्रुवारी आणि मार्चचा पूर्वार्ध. द्वारकेतील गृहसंस्थांची आवारे आणि तळमजल्यावरील खासगी बागा याच काळात नटतात. पेटुनिया, पॅन्सी, डेलियाच्या कुंड्या, मधोमध कातरलेली हिरवळ, कडेला गेरूने रंगवलेल्या विटा. पाहुणे छायाचित्रे काढतात, माळ्याचे कौतुक करतात. एप्रिलच्या उन्हात ही रोपे उपटली जातात आणि मग कित्येक महिने त्या बागेकडे कोणी फिरकत नाही.

खासगी बागा लोकांसाठी खुल्या करण्याची प्रथा ब्रिटनमध्ये १९२७ साली रुजली. परिचारिकांच्या सेवाकार्याला निधी मिळावा म्हणून पहिल्याच वर्षी ६०९ बागांची दारे उघडली गेली. पुढे अशा भेटींतूनच अभिरुची बदलत गेली. डच उद्यानरचनाकार पीट औडॉल्फ यांची हुमेलो येथील बाग २०१८ पर्यंत पाहता येत असे. बहुवर्षायू फुलझाडे आणि गवते कुरणासारखी मिसळून लावायची, ती वाळली तरी कापायची नाहीत, ही त्यांची रीत. न्यूयॉर्कच्या हाय लाइन उद्यानाने ती जगभर नेली.

ही आवड आपल्याकडे येताना मात्र विचार मागे राहतो आणि रोपे तेवढी पुढे येतात. रोपवाटिकांत मिळणारे फाउंटन गवत हे त्याचे उदाहरण. युरोपीय संघाने २०१७ मध्ये त्याचा समावेश आक्रमक परकीय वनस्पतींच्या यादीत केला. वास्तविक दिल्लीला गवत उसने आणण्याची गरज नाही. या प्रदेशाचे कोही, खादर, बांगर आणि डाबर असे भूप्रकार जुन्या काळापासून ओळखले जातात, आणि सुंदर नर्सरीत प्रदीप क्रिशन यांनी त्यांनुसारच देशी वनस्पतींची मांडणी केली. पूर्वी पप्पनकलाँ म्हणून ओळखली जाणारी द्वारका नजफगढच्या सखल, पाणथळ डाबर पट्ट्याच्या शेजारी वसली आहे. कास, मुंज, वाळा ही इथली गवते. महाराष्ट्रात वैरणीसाठी परिचित असलेले मारवेल आणि अंजनही येथे सहज वाढतात.

कीटकशास्त्राच्या दृष्टीने अशा बागेचे मोल तिच्या वाळलेल्या भागात आहे. सेराटिना ही चिमुकली मधमाशी मऊ गाभ्याच्या सुक्या काड्या पोखरून आत पिल्ले वाढवते. मोठे काळे भुंगे पोकळ बोरूत आणि बांबूत राहतात. निळ्या पट्ट्यांची अमेगिला मऊ, उघड्या मातीत बीळ करते. टोमॅटो-वांग्याच्या फुलांतील पराग पंखांच्या स्नायूंच्या कंपनाने सुटतात. आपल्या पाळीव मधमाश्या हे काम करीत नाहीत, अमेगिला आणि भुंगे करतात. नजफगढच्या बाजूला आजही भाजीपाला पिकतो, हे येथे ध्यानात घ्यावे. गवताच्या फुलांत मध नसतो, म्हणून त्यांच्यामध्ये कोरांटी, अडुळसा यांसारखी झाडे हवीत आणि थोडी जमीन उघडी हवी. काड्या होळीपर्यंत ठेवाव्यात व नंतर वीतभर ते हातभर खुंट राखून कापाव्यात. कापलेले गवत जाळू नये, आच्छादनासाठी वापरावे. इमारतीला लागून मात्र सुके गवत ठेवू नये. आगीची भीती खरी आहे.

डासांची भीती तितकी खरी नाही. ऑक्टोबरमध्ये डेंग्यूची चर्चा सुरू झाली की गृहसंस्था प्रथम गवत भादरतात. गवतात डास विसावतात हे खरे, पण डेंग्यू पसरवणारा एडिस वाढतो तो साचलेल्या स्वच्छ पाण्यात: कूलरमध्ये, उघड्या टाकीत, कुंडीखालच्या बशीत. या हिशेबाने कुंड्यांनी भरलेली फेब्रुवारीची बागच अधिक संशयास्पद ठरते.

शेतकऱ्यांचा आक्षेप अधिक गंभीर आहे. भारतात २०१८ मध्ये कर्नाटकात प्रथम आढळलेली अमेरिकन लष्करी अळी मक्याखेरीज गवतांवरही जगते. त्यामुळे शेतांच्या सीमेवरील बागांत कामगंध सापळे लावून पाहणी ठेवणे योग्य. गाजरगवताला तर नैसर्गिक बागेच्या नावाखाली मुळीच थारा देऊ नये, कारण कपाशीवरील पिठ्या ढेकूण त्यावर सुखाने वाढतो.

तेव्हा द्वारकेतील रहिवासी मंडळांनी बागभेटींचा एक दिवस ऑक्टोबरमध्ये, कास फुललेला असताना ठेवावा. पाहुण्यांनी फुलांचा आकार मोजण्यापेक्षा एका चौरस मीटरमध्ये पंधरा मिनिटांत किती प्रकारचे कीटक येतात ते मोजावे. शाळकरी मुले हे काम मोठ्यांपेक्षा चांगले करतात. एक पथ्य मात्र पाळावे. बाग पाहायला आलेला माणूस निघताना हमखास एखादी फांदी मागतो, आणि यजमानालाही नाही म्हणवत नाही. पपईवरील पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइमतूरला आढळला आणि थोड्याच काळात महाराष्ट्रातील बागांत पोहोचला. २०१० मध्ये आयात केलेल्या असेरोफॅगस पपयी या परोपजीवी कीटकाने त्याला आवर घातला. असे किडे रोपांसोबतही प्रवास करतात. जास्वंदीची फांदी हातात देण्यापूर्वी तिच्या पानांची मागची बाजू आणि पेरे भिंगाखाली पाहून घ्यावीत.