फुकट पार्किंगचं बिल कोण भरतं?

रमजानमध्ये संध्याकाळी कार घेऊन मोहम्मद अली रोडला गेलेल्या कुणालाही विचारा. खरेदीपेक्षा गाडी लावायलाच जास्त वेळ जातो. एक चक्कर, दुसरी चक्कर, मग कुणी निघताना दिसलं की इंडिकेटर देऊन रस्त्यातच थांबायचं. मागे बस, टॅक्सी, हातगाडी सगळं अडकतं. इंजिन मात्र चालूच. हा धूर फुटपाथवरचा फेरीवाला आणि पहिल्या मजल्यावरची मुलं श्वासात घेतात.

अमेरिकेतले प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी या चकरा मोजल्या होत्या. लॉस एंजेलिसमधल्या वेस्टवुड व्हिलेज या छोट्या बाजारपेठेत गाड्या केवळ जागा शोधण्यासाठी वर्षाला साडेनऊ लाख मैल, म्हणजे सुमारे १५ लाख किलोमीटर फिरत होत्या. कारण साधं होतं. रस्त्यावरची जागा स्वस्त, म्हणून ज्याला मिळाली तो सोडत नाही आणि बाकीचे फिरत राहतात. दर एवढा ठेवा की प्रत्येक रस्त्यावर एक-दोन जागा रिकाम्या राहतील, आणि जमा होणारा पैसा त्याच मोहल्ल्यावर खर्च करा, असं ते सांगत.

आपल्याकडे हे कुणाला माहीत नाही असं नाही. पार्किंगचं शुल्क जमिनीच्या किमतीशी जोडा, असं केंद्राच्या २००६ च्या नागरी वाहतूक धोरणात लिहिलेलं आहे. पुणे महापालिकेने २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर केलं. विरोध झाल्यावर ते आधी पाच रस्त्यांपुरतं करायचं ठरलं आणि तेही रखडलं. मुंबईत २०१९ मध्ये सार्वजनिक वाहनतळांच्या आसपास बेकायदा गाडी लावल्यास हजारो रुपयांचा दंड जाहीर झाला. गाजावाजा बराच झाला, रस्ते मात्र तसेच.

आता जरा हिशोब बघा. वळायला लागणारी जागा धरली तर एका कारच्या पार्किंगला साधारण २३ चौरस मीटर, म्हणजे अडीचशे चौरस फूट लागतात. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनात अख्ख्या कुटुंबाला मिळतं ३०० चौरस फुटांचं घर! मे २०२५ मध्ये बेस्टचं किमान भाडं ५ वरून १० रुपये झालं, एसी बसचं ६ वरून १२. बसमध्ये उभं राहून जाणाऱ्याचं भाडं एका रात्रीत दुप्पट होऊ शकतं, पण कारवाल्याच्या फुकट जागेला हात लावायचा म्हटलं की सगळे पक्ष एकत्र येतात.

त्याच महिन्यात परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नव्या वाहनाची नोंदणी नाही, अशी घोषणा केली. जपानमध्ये असा कायदा १९६२ पासून आहे. पण तिथे दुचाकीला हा दाखला लागत नाही, हे विसरता कामा नये. भेंडी बाजार किंवा डोंगरीच्या जुन्या इमारतींत पार्किंग कधी नव्हतंच. डिलिव्हरी करणाऱ्या पोराने स्कूटरसाठी दाखला आणायचा कुठून? टॉवरमध्ये राहणाऱ्याला मात्र तिसरी गाडीही सहज घेता येईल. शिवाय दाखला आला की दाखल्याचा बाजारही आलाच.

त्यापेक्षा पॅरिसची रीत बरी वाटते. तिथे ऑक्टोबर २०२४ पासून बाहेरून येणाऱ्या जड गाड्यांना शहराच्या मध्यभागी तासाला १८ युरो लागतात. स्थानिक रहिवाशांना यातून वगळलंय. जनमत घेतलं तेव्हा मतदान जेमतेम ६ टक्के झालं होतं, तरी निर्णय झाला.

मुंबईची हवा फक्त पार्किंगने सुधारणार नाही. बांधकामाची धूळ आहे, कचरा जाळणं आहे. पण रस्त्याची एक बाजू मोकळी झाली तर बस चालेल आणि आजारी माणसासाठी बोलावलेली ॲम्ब्युलन्स गल्लीच्या तोंडाशी अडकणार नाही. शुल्क लावताना दोन गोष्टी आदेशातच लिहून घ्यायला हव्यात. रहिवाशांच्या दुचाकींना सूट, आणि वसुलीचा पैसा ठेकेदाराकडे न जाता त्याच वॉर्डातल्या फुटपाथ आणि बसवर.