बंद भांड्याचा सौदा

मोटारीला वेगाचे वेड लागले की खिशाला भोक पडते, हे आमच्या घरात नव्याने कळले. पुतण्या ठाकुर्लीला आला तो सहा महिन्यांच्या ओव्हरटाइमचे पैसे घेऊनच. म्हणाला, "काका, कुर्ल्याला जुना टॉर्क कन्व्हर्टर बघायचा आहे. तुम्ही चला." सारी नोकरी यंत्रांत गेली, म्हणून काका!

मी आधी विचारले, "तुझ्या गाडीला तो आहे ना?" हसू नका. 2013 च्या पोलो जीटी टीएसआयला दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स होता, कन्व्हर्टर नव्हता. 2020 साली आलेल्या एक लिटरच्या ऑटोमॅटिक पोलोला तो आहे. नाव तेच, पोट निराळे. पुतण्याची गाडी दुसऱ्या जातीची, म्हणून निघालो.

हेर्मान फ्योटिंगर या जर्मन इंजिनिअरने 1905 च्या सुमारास हे यंत्र जहाजांसाठी काढले. समोरासमोर दोन पंखे, आत तेल. इंजिनाचा पंखा तेल फेकतो, त्या धारेने दुसरा फिरतो. मधला स्टेटर तेल वळवून गाडी हलताना जोर जवळजवळ दुप्पट करतो. सारे कवच वेल्डिंगने बंद! आत डोकावण्याची सोय नाही. मडके वाजवून घ्यावे तसा हा सौदा.

गाळ्यावर दोन नग पुढे आले. एक ताजा रंगवलेला, लखलखीत आणि स्वस्त. दुसरा चिखलाने माखलेला, आणि तोच महाग. पुतण्याचा हात साहजिकच रंगाकडे गेला. मी दुकानदाराला विचारले, "ज्या गाड्यांतून हे काढले, त्या मेल्या कशाने?" माणूस सरळ होता. रंगवलेल्याच्या गाडीचा गिअरबॉक्स जळाला होता. दुसरी मागून ठोकर बसून भंगारात आली होती.

झाले! जळक्या गिअरबॉक्सचा धातूचा चुरा कन्व्हर्टरच्या पोटात बसतो. वरवर धुऊन तो सगळा निघत नाही. आणि पुढे चांगल्या गिअरबॉक्सलाही खातो. कवच कापून, साफ करून, पुन्हा वेल्ड आणि बॅलन्स केलेले असेल तर गोष्ट वेगळी. रंग म्हणजे दुरुस्ती नव्हे.

मग चिखलाचा नग तपासला. तेल ओतून पाहिले: करपट वास नाही, चमचम नाही. कवचावर उष्णतेची निळी झाक नाही. मानेवरून नख फिरवले, ते खाचेत अडकले नाही. बोट घालून स्टेटरचे दाते फिरवले. एकीकडे सैल, उलटे अडले. दोन्हीकडे फिरला असता तर तिथेच ठेवला असता.

पुतण्याला जादा स्टॉलचा हवा होता, म्हणजे इंजिन चढल्यावरच गाडी ओढणारा. मी नको म्हटले. घसरण वाढली की तेल तापते, मग मोठा कूलर आला. मूळ मापाचाच घेतला.

बसवणाऱ्या पोराला मात्र बजावले, बोल्ट आवळून गिअरबॉक्स जवळ ओढू नकोस, पंप फुटेल. कन्व्हर्टर हाताने फिरवत पंपाच्या खाचांत पूर्ण बसव, मगच पाना धर.