रात्री दोनची जागल

रात्री दोन वाजता आपण हॉस्टेलवर जागे असतो ते जर्नल पूर्ण करायला. त्याच वेळी ताडोबाच्या बफरमधल्या आमच्या शेतात माझे बाबा टॉर्च आणि पत्र्याचा डबा घेऊन जागल करत असतात. रानडुकरांचा कळप एका रात्रीत उभं धान लोळवतो. भरपाई मिळते, पण पंचनाम्यानंतर. आणि गेलेल्या झोपेचा रकाना कुठल्याच अर्जात नसतो.

मागच्या वर्षी शेजारच्या काकांनी वैतागून खांबावर आकडा टाकला, धुऱ्यावर तार सोडली. डुक्कर वाचलं, त्यांचाच बैल गेला. अशा तारांनी वाघही मेलेत, माणसंही.

मित्रांनो, फरक आपल्याच अभ्यासक्रमातला आहे. आकड्याचा २३० व्होल्टचा प्रवाह सलग वाहतो, चिकटलेल्याला सोडत नाही. सौर कुंपणाचा झटका हजारो व्होल्टचा, पण सेकंदाला साधारण एकदा आणि क्षणभराचाच. जनावर दचकून पळतं, मरत नाही. मात्र तारेला गवत टेकलं, बॅटरी उतरली, की कुंपण नुसतं शोभेचं. अनुदानावर मशीन मिळतं, दुरुस्त करणारा मिळत नाही. शिवाय एकट्याने कुंपण घातलं तर डुकरं शेजाऱ्याकडे वळतात. म्हणून ते सगळ्या शिवाराला मिळूनच हवं.

आपलं एनएसएस शिबिर दरवर्षी गावात जाऊन झाडू मारतं. झाडू गावालाही मारता येतो हो! यंदा मल्टिमीटर घेऊन जाऊया. गावातल्या चार पोरांना अर्थिंग तपासायला शिकवूया. बाबा एक रात्र घरी झोपले, तरी माझ्या डिग्रीचा पहिला उपयोग झाला असं मी समजेन.