पिनेवाचून काय अडते?

बैलगाडीच्या दोन व्याधी आपल्या आजोबा-पणजोबांना पक्क्या ठाऊक होत्या. पुढे ओझे जास्त झाले की गाडी धुरजड, मागे जास्त झाले की उलाळ. धुरजड झाली की बैलांची मान मोडते, उलाळ झाली की जू वर जाते आणि बैलांना फास बसतो. अमेरिकेत मोटारीच्या मागे लोखंडी गोळ्यावर ट्रेलर अडकवतात, तेव्हा वजनाच्या १० ते १५ टक्के भार त्या गोळ्यावर पडावा, असे सांगतात. कमी पडला तर ट्रेलर शेपूट हलवू लागतो. म्हणजे आपले उलाळच, फक्त डॉलरमध्ये!

हे सगळे मी आमच्या मेव्हण्यांना सांगितले. मेव्हणे कोल्हापूरकडचे, ऊसवाले. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या.

"दाजी, तुम्ही बँकेत होता न्हवं?" एवढेच ते म्हणाले.

होतो. म्हणून काय झाले? हायवेवरच्या कंटेनरचा ट्रेलर मागच्या चाकांच्या डोक्यावर बसवलेला असतो, म्हणून तो इतका लांब असूनही शहाण्यासारखा चालतो, हे बँकेतल्या माणसालाही दिसते. ट्रॅक्टरचे तसे नाही. दांडीच्या कडीत वरून एक पिन सोडायची, की झाली सोयरीक! माझे भांडण या पिनेशी नाही. शेतातल्या खड्ड्यांतून, हळू चालीने जायला तिच्यासारखी जोडणी नाही. खडखडते, पण हवी तशी वळते. भांडण आहे ते पिनेच्या खालच्या खिळीशी. म्हणजे, ती नसण्याशी. खिळी नसली की एका गचक्यात पिन वर उडी मारते. आमच्याकडे खिळीच्या जागी मी तार पाहिली आहे, खिळा पाहिला आहे, आणि एकदा तर सुतळी. काही बहाद्दर ओढ जास्त मिळावी म्हणून दांडी उंचावर बांधतात. मग ट्रॅक्टर लग्नातल्या घोड्यासारखा मागच्या पायांवर उभा राहतो. नवरदेव खाली!

"आजवर कधी निघाली न्हाई," हे मेव्हण्यांचे ब्रह्मवाक्य.

गेल्या हंगामात रात्री आम्ही त्यांच्याच गावी निघालो होतो. मागे सौ. आणि नातू झोपलेले. एकाएकी दिव्यांच्या उजेडात रस्त्याच्या मधोमध उसाची भिंत! ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. ब्रेक दाबला, गाडी फरफटत गेली. थांबली तेव्हा उसाची पाने काचेवर टेकली होती. नातू उठून म्हणाला, "आजोबा, शेत आलं?" मला पाच मिनिटे स्टिअरिंगवरचे हात काढता येईनात.

ट्रॅक्टर कुठेच नव्हता. ड्रायव्हर गाणी लावून पहिली ट्रॉली घेऊन पुढे गेला होता. दुसरी सुटल्याचे त्याला कारखान्याच्या काट्यावर कळले. ट्रॉलीच्या फळीवर नाव वाचले. मेव्हण्यांचेच होते.

दुसऱ्या दिवशी शहरात जाऊन खिळीसकट नवी पिन आणि वर एक साखळी विकत घेतली. पिन सुटली तरी ट्रॉली साखळीवर राहावी, एवढीच अपेक्षा. मेव्हण्यांनी दोन्ही वस्तू हातात घेऊन वजन केले, खूश झाले.

परवा गेलो तेव्हा पिन गोठ्याच्या दाराला होती आणि साखळी म्हशीच्या गळ्यात.

"लई भारी वस्तू दिलीत दाजी," मेव्हणे म्हणाले. "तवापासनं म्हस एकदा बी सुटली न्हाई."